भेदरटाच्या गळ्यातलं लोढणं

माझ्या कुत्र्याच्या गळ्यातलं लोढणं मोहाच्या मुळात अडकलं आणि तीन कुत्री एकदम त्याच्यावर पडली.

माझ्या हातात मोहफुलांची टोपली होती. ती मी त्यांच्या अंगावर फेकली. फुलं सांडली, टोपली गडगडत गेली, कुत्र्यांना काही फरक पडला नाही. शेजारणीच्या भुऱ्या कुत्र्यानं माझ्या कुत्र्याचा कान धरला होता आणि ते झटके देत होतं. बाकीची दोन मागच्या पायांना लागली होती. माझं कुत्रं आधी ओरडत होतं, मग ओरडायचं थांबलं. ते थांबलं तेव्हा मी मध्ये हात घातला आणि कोणाचे तरी दात माझ्या मनगटात गेले. कोणाचे ते मला अजून माहीत नाही. माझ्याच कुत्र्याचे असतील.

शेजारीण दुसऱ्या झाडाखालून "हाड, हाड" करत धावत आली. गावातलं कुत्रं हाड म्हटलं की एक पाऊल तरी मागे सरकतं. तिची सरकली. माझ्याला तो शब्द ठाऊकच नव्हता, ते तसंच दात काढून उभं राहिलं. मग तिच्या कुत्र्यांना वाटलं असावं की हे अजून मागतंय, ती परत आली. माझ्या कमरेला विळा होता. मी लोढण्याची दोरी कापली.

मला वाटलं, मोकळं झालं की आता हे भुऱ्याचा गळा धरेल. गावात सगळे तेच म्हणत होते, की याच्या डोक्यात खून आहे. ते कोणाकडे न बघता सरळ जंगलात पळालं. फाटका कान लोंबत होता. पळसांच्या पलीकडे दिसेनासं झालं.

शेजारीण कमरेवर हात ठेवून बघत राहिली. म्हणाली, "गेला वो बाई. आपल्या पायानं गेला, बरं झालं. नाई तं आपल्यालेच सोडून याव लागलं असतं."

मनगटातून रक्त गळत होतं. मी पदर गुंडाळला आणि सांडलेली फुलं वेचायला बसले. फुलं टाकून कसं चालेल.

हे कुत्रं माझ्याकडे आलं ते भद्रावतीहून. माझी मुलगी तिथं कॉलनीत एका घरी स्वयंपाक करायची. त्या घरच्यांची बदली झाली, सामान ट्रकमध्ये चढलं, कुत्रं फाटकात राहिलं. मुलीनं माझ्या भाच्याच्या गाडीत सोयाबीनच्या रिकाम्या पोत्यांवर बसवून पाठवून दिलं. मी मागितलं होतं. माझं आधीचं कुत्रं म्हातारं होऊन मेलं होतं आणि मी राहते गावाच्या शेवटच्या घरात. मोहर्लीकडच्या अंगाला घर संपलं की भाताच्या बांध्या, बांध्या संपल्या की जंगल. इथं कुत्र्याशिवाय राहणारं माणूस मी पाहिलेलं नाही.

त्याला एक इंग्रजी नाव होतं. ते आमच्या तोंडात बसेना. कुत्र्याला बोलावताना सगळे यू-यू करतात, तसं मी केलं, तर ते आलं. मग यू हेच त्याला पुरलं.

दिसायला मोठं, छातीनं रुंद, रंग काळा. माणसांशी गरीब. कोंबडी अंगावरून गेली तरी पापणी हलवायचं नाही. पण दुसरं कुत्रं दिसलं की त्याचं सगळं बदलायचं. आधी तोंड मिटायचं. मग जीभ नाकावरून फिरायची, जांभई द्यायचं, भर सकाळी. मला वाटायचं झोप आली. मग अंगावरचे केस उभे आणि एकदम धाव. लहानपणापासून ते त्या फाटकाच्या आतच वाढलं होतं. कुत्री बघितली ती सळ्यांच्या पलीकडची. आमच्या गावात फाटक कुठलं? कुत्री चुलीपर्यंत येतात.

आल्या आल्या त्यानं चार भांडणं केली, की पाच, मी मोजली नाहीत. गावात बोलणं सुरू झालं. शेजारणीचा नवरा आला. बुढा लाकडाच्या कामात हुशार. नांगराचे खुंटे, कुऱ्हाडीचे दांडे, सगळं त्याच्याकडे. तो म्हणाला, लोढणं घाल. दुसऱ्याच्या पिकात घुसणाऱ्या ढोराच्या गळ्यात आम्ही लाकडाचा ओंडका बांधतो, गुडघ्यापर्यंत लोंबणारा. धावलं की पायाला लागतो, मग ढोर धावत नाही. कोंबड्या धरणाऱ्या कुत्र्यालाही बांधतात. माझ्या बापानं बांधलेलं मी पाहिलेलं आहे. चुकीचं काही वाटलं नाही. बुढ्यानं धावड्याच्या लाकडाचा तुकडा तासून भोक पाडून दिला आणि आम्ही दोघांनी मिळून तो बांधला.

यू धावायचं थांबलं हे खरं. पण आता भुंकायच्या आधीच चावायला लागलं. आधी दुसरं कुत्रं दूर असतानाच ते धावायचं, भुंकायचं. आता गप्प उभं राहायचं आणि जवळ आलं की इशारा न देता तोंड घालायचं. लोक म्हणाले, बघा, किती डोक्याचं आहे, वाट पाहते. मीही तेच म्हटलं. आणि मोहाचे दिवस आले.

मोह वेचायला एकटं कोणी जात नाही. झाडं आपापली ठरलेली असतात, पण जायचं टोळीनं. दर थोड्या वेळानं एकमेकींना हाक मारायची. बायका वाकून वेचतात, वाकलेलं माणूस वाघाला माणूस वाटत नाही. जंगलखात्याचे लोक सांगतात, पूर्ण उजाडल्यावर जा. पण उजाडेपर्यंत चितळं अर्धी फुलं खाऊन जातात. म्हणून आम्ही फटफटलं की निघतो आणि कुत्री सोबत असतात. माझी टोळी म्हणजे शेजारीण आणि तिच्या दोन सुना, आणि त्यांची तीन कुत्री. यूला घरी बांधून जावं तर बांधलेलं कुत्रं बिबट्यासाठी ताटात वाढल्यासारखं. गेल्या काही वर्षांत गावातली बांधलेली कुत्री भर उजेडात गेली आहेत. सोबत नेलं तर हे असं. म्हणजे एकतर मी मोह सोडायचा, नाहीतर कुत्रं. मोह मी सोडणार नव्हते. दिवाळीपर्यंतचं माझं त्यावर निघतं.

त्या दिवशी दुपारी यू जंगलातून परत आलं. खाटेखाली शिरलं आणि भिंतीकडे तोंड करून पडलं. मी भात टाकला, खाल्ला नाही. मी हाताला चावल्याच्या सुया घ्यायला सरकारी दवाखान्यात गेले, परत आले, तरी ते तिथंच. दुसऱ्या दिवशी भाच्याला म्हटलं, भद्रावतीला जाशीन तर आम्हाला ने. कान शिवायचा होता, बाकी माझ्या डोक्यात काही नव्हतं. मी लोढणं परत बांधूनच नेलं होतं. दवाखान्यात दुसरी कुत्री असणार.

जनावरांची डॉक्टर बाई तरुण होती, बाहेरगावची. तिनं आधी लोढणं हातात घेतलं. विचारलं हे कशाला. मी सांगितलं. तिनं कान शिवला, मग मला बाहेर बाकावर बसवलं आणि म्हणाली, "आजी, हा मारायला जात नाही. हा भितो. पळायची सोय तुम्ही काढून घेतली, म्हणून आधी चावून मोकळा होतो."

मी म्हटलं, एवढं मोठं धूड, कशाला भेतं?

ती म्हणाली, जांभई देतो का? जीभ फिरवतो का? मी म्हटलं, दोन्ही करतं. तिनं पुढे सांगितलं की त्याला ओढत कुत्र्यांत नेऊ नका आणि मारू नका. जिथून कुत्रं दिसतं पण हा जांभई देत नाही, एवढ्या लांब उभं करा. कुत्रं दिसलं की त्याच्या आवडीचं काही तोंडात द्या. दिसेनासं झालं की द्यायचं बंद. रोज थोडं. आणि दुसरं कुत्रं समोरून आणू नका, बाजूनं एकाच दिशेला चालवा. पुढच्या मोहापर्यंत होईल का म्हणून मी विचारलं. ती म्हणाली सांगता येत नाही. ते मला बरं वाटलं. होईल म्हणाली असती तर मी विश्वास ठेवला नसता.

शाळा माझी चौथीत सुटली. पण गुरुजी छडी घेऊन आले की येणारा पाढाही माझ्या डोक्यातून जायचा, हे मला चांगलं आठवतं. घरी आल्यावर लोढणं काढलं आणि चुलीत घातलं. धावड्याचं लाकूड, चांगलं जळलं.

पण चालायचं कोणाच्या कुत्र्याबरोबर? मी शेजारणीकडे गेले. मनात आलं होतं की ती हाकलेल. आमचं सगळं आयुष्य एकमेकींच्या दारात गेलं आहे आणि त्यातलं निम्मं भांडण्यात. तिनं ऐकून घेतलं. मग सुनांकडे बघून म्हणाली, बुढी पागल झाली. मग मला म्हणाली, "पुढच्या मोहाले थो असाच राह्यला तं मी तुह्यासंग येनार नाई. आत्ताच सांगून ठेवतो." आणि भुऱ्याला दोरी बांधून निघाली.

आमच्याकडे भाताच्या शेताचे तुकडे असतात, बांध्या. प्रत्येकीच्या कडेला मातीचा धुरा. ती एका धुऱ्यावर, मी पार पलीकडच्या धुऱ्यावर, मध्ये बांध्याच बांध्या. दोघी एकाच दिशेला. तोंडानं शिव्या चालू. तिला ऐकू कमी येतं, म्हणून ती ओरडते, आणि ती ओरडली की वाटेवरचे लोक थांबायचे. गावात कुत्र्याला दोरीनं धरून फिरवणारं कोणी नाही. कुठे निघाल्या म्हणून विचारलं तर सांगायला जागा नव्हती. या टोकापासून त्या टोकाला जायचं, वळायचं, परत यायचं.

मी ओच्यात सुकी मासोळी बांधायची. भुरं दिसलं की यूच्या तोंडात एक तुकडा. लुगड्याला असा वास लागला की गावातली मांजरं माझ्यामागे. एकदा वाघ बघायला आलेल्या पाहुण्यांची जिप्सी वाटेवर थांबली. त्यांनी आमचे फोटो काढले. एकानं शेजारणीला विचारलं, कुत्र्यांना शिकवताय का?

ती म्हणाली, "नाई जी. कुत्रेच आमाले शिकवून राह्यले."

पावसाळ्यात बांध्या भरल्या, भाताची रोवणी झाली, मध्ये पाणी आणि धान. ते बरं होतं, पाण्यातून कुत्रं पटकन धावत नाही. आम्ही एक धुरा जवळ आलो. मग यूनं एक दिवस जांभई दिली, मी परत मागे गेले. असं पुढे-मागे. कधी आठवडाभर जवळ, मग पोळ्याच्या दिवशी टवाळ पोरांनी कोपऱ्यावर कुत्र्यांना छू म्हणून सोडलं आणि सगळं मातीत. यूनं एका कुत्र्याला चावलं, दोरी माझ्या हातातून सुटली, हात सोलला. मी पोरांना चप्पल फेकून मारली, लागली नाही. दुसऱ्या दिवशी परत शेवटच्या धुऱ्यावरून सुरुवात.

त्या दिवसांत मला बसवत नव्हतं. चूल पेटवताना कान बाहेर. अंगणात पावलं वाजली की मी उठून बघायची, कुत्रं आहे का माणूस. जेवताना अर्ध्यातून उठायची. रस्त्यानं जाताना मी दुरूनच प्रत्येक वळणावर कुत्रं शोधायची आणि सापडलं की वाट बदलायची. पाण्याला जायला मला आता दुप्पट वेळ लागत होता. मुलगी आली होती, ती म्हणाली, आई, तू सारखी मागे-पुढे काय बघते? मी म्हटलं, काही नाही.

धान कापून झालं. बांध्या उघड्या पडल्या. आम्ही आता दोनच धुऱ्यांवर होतो, मध्ये फक्त एक बांधी. पण तिथंच अडकलो. एवढ्या जवळ आलं की यू दर वेळी ताठ व्हायचं. मी मासोळी द्यायची, ते घ्यायचं नाही. महिनाभर असंच. मला वाटलं, एवढंच होणार. मोह जवळ आला होता.

एके दिवशी शेजारीण चालता चालता थांबली. ती कुत्र्याकडे बघत नव्हती, माझ्याकडे बघत होती.

"काऊन वो बाई, दोरी तू ओढते का थो ओढते?"

मी म्हटलं, तो ओढतो. ती म्हणाली, खाली बघ. मी बघितलं. दोरीला माझ्या मुठीत दोन वेढे होते आणि मूठ छातीशी. यू माझ्या बाजूला उभं होतं आणि दोरी ताणलेली होती ती माझ्याकडून. भुरं दिसलं की मी दोरी आवळत होते, हे मला ठाऊक नव्हतं. लोढणं चुलीत घातलं होतं, पण त्याच्या गळ्याला ओढ होतीच.

"तूच भेते पहिले," ती म्हणाली. "मंग थो भेते. त्याले वाटते, बुढीले काही दिसलं."

राग आला. पण वेढे सोडले. दोरी सैल सोडून चालणं मला कुत्र्यापेक्षा कठीण गेलं. मूठ आपोआप वळायची. मग मी दोरी कमरेला बांधली आणि हातात नुसती मासोळीची पुरचुंडी धरली. तोंडानं काहीतरी बोलत राहायची, म्हणजे श्वास अडकत नाही. बहुतेक वेळ मी शेजारणीच्या नवऱ्याला शिव्या देत होते, लोढण्याबद्दल. ती पलीकडून भर घालायची.

होळीच्या आधी आम्ही एकाच धुऱ्यावरून चाललो. पुढे ती आणि भुरं, मागे मी आणि यू. भुऱ्यानं मागे वळून बघितलं. यूनं तोंड वळवून बांधीतल्या ढेकळांकडे बघितलं. भुऱ्याला ते पटलं असावं, ते पुढे चालू लागलं. त्यांची मैत्री काही झाली नाही. एकमेकांना नाही बघितलं असं करायचं, एवढंच त्यांचं ठरलं. माझ्या सासूशी माझंही एवढंच ठरलं होतं आणि त्यावर अनेक वर्षं निघाली.

मोह गळायला लागला. फटफटल्यावर निघालो. शेजारणीनं निघताना फक्त तिची कुत्री पुढे काढली. मी यूला दोरी न बांधता नेलं. दोरी मुळात अडकते, हे मी एकदा बघितलं होतं. माझं झाड बाजूला आहे, तिच्या झाडांपासून हाकेवर. यू माझ्या झाडाखाली, कुत्र्यांकडे पाठ करून बसलं. कानावरचा टाक्याचा वण दिसत होता. मी वेचत होते आणि प्रत्येक ओंजळीला वर बघत होते. पहिले काही दिवस असेच गेले. काही झालं नाही आणि मला ते सहन होत नव्हतं.

मग एका सकाळी शेजारणीकडची कुत्री एकदम झुडपाकडे तोंड करून भुंकायला लागली. साधं भुंकणं नव्हतं. सुनांनी हाका मारल्या, इकडं या, इकडं या. असं झालं की सगळ्यांनी एका जागी यायचं, पाठीला पाठ लावून, टोपल्या वाजवत. मी टोपली उचलली. पण जायचं होतं ते तिन्ही कुत्र्यांच्या मध्ये, तीही दात काढलेल्या. यू उभं राहिलं. जीभ नाकावरून फिरवली. त्याच्या मागे जंगल मोकळं होतं. गेल्या वर्षी ते तिकडेच पळालं होतं, आणि त्या सकाळी एकट्या कुत्र्यानं तिकडे पळणं म्हणजे काय होतं ते मला कळत होतं.

मी त्याला ओढलं नाही, ओढायला काही नव्हतंच. यू म्हटलं आणि चालायला लागले. मागे बघितलं नाही. भुऱ्याच्या बाजूनं गेले, सुनांपर्यंत पोचले, वळले, आणि माझ्या पिंढरीला त्याचं अंग लागलं. थरथरत होतं. शेपूट पोटाखाली. एक कुत्रं त्याच्या अगदी बाजूला उभं होतं, अंगाला अंग. दोघंही झुडपाकडे बघत होती.

भुरं मात्र पुढे गेलं. ते नेहमी पुढेच जायचं. शेजारणीनं हाड म्हटलं, यू-यू केलं, शिव्या दिल्या. ते झुडपात शिरलं. एकदा केकाटलं. मग पानांचा आवाज झाला, लांब जाणारा, आणि मग काही नाही. आम्ही टोपल्या वाजवत राहिलो, हात दुखेपर्यंत.

नंतर जंगलाचे लोक आले, पावलांचे ठसे बघितले, बिबट म्हणाले. शेजारीण घरापर्यंत सगळ्यांच्या पुढे चालली. दारात आल्यावर यूकडे बघून म्हणाली, "भेदरट. म्हणूनच वाचला." मग आत गेली आणि भुऱ्यासाठी ठेवलेला भात आणून त्याच्यासमोर टाकला. त्यानं खाल्ला.

पहिल्या मोहाला त्या झाडाखाली ज्यानं यूचा कान फाडला, ते भुरं गेलं. शेजारीण आहे, तिच्या सुना आहेत, दोन कुत्री आहेत. मी आहे. यू आहे.